परसातला झेंडू

चवथ आठ दिवसांवर आली की आमच्या घरात आईचं राज्य सुरू होतं. माटोळीला माट्टी कुठून आणायची, कांगण्या कोण देणार, सुपारीचं शिपटं कुणाच्या कुळागरातलं, चिबूड वेळेवर पिकेल की नाही, हे सगळं ती अंथरुणावर पडल्या पडल्या मोजत असते. आम्ही सरकारी नोकर. फाईल कुठल्या टेबलावर अडकली आहे एवढं आम्हाला कळतं. आंबाडे कुठल्या झाडावर अडकले आहेत ते आईलाच ठाऊक.

२०२३ च्या चवथीला तिची एक वेगळी तक्रार होती. परसातल्या सगळ्या झेंडूंना कळ्या धरल्या होत्या, एकाला मात्र नाही. न्हाणीच्या सांडपाण्याचा पाट जातो तिथे आपोआप उगवलेलं ते रोप पावसात असं फोफावलं होतं की माझ्या डोक्याच्याही वर गेलं. आई त्याला रोज तांदळाचं धुवण घालायची. "नुसती पानं वाढवतोय मेला," असं म्हणायची, आणि तरीही घालायची. ह्या घरात कुठल्याही रोपाला तिने कधी उपाशी ठेवलेलं नाही.

माझा मेव्हणा म्हापशाला वकिली करतो. माटोळीसाठी तोरिंगं घेऊन तो संध्याकाळी आला, हातपाय धुवायला परसात गेला आणि तिथूनच त्याने मला हाक मारली. आवाज हळू होता, म्हणून मी पटकन गेलो.

"भावोजी, हे रोप कोणी लावलं?"

"कोणी नाही. झेंडू आहे तो. आपोआप आलाय."

त्याने एक पान तोडून माझ्या तळहातावर ठेवलं. मी बी. ए. झालो ते मराठी घेऊन, वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध नाही. पण त्या दिवशी मी दोन पानं शेजारी शेजारी ठेवून बघितली. झेंडूचं पान पक्ष्याच्या पिसासारखं असतं, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना ओळीने पाकळ्या. हे पान माणसाच्या पंजासारखं होतं, एका ठिकाणाहून फुटलेली सात बोटं. आई ज्याला झेंडू म्हणून धुवण घालीत होती ते गांजाचं झाड होतं.

आता ते तिथे आलं कुठून, हे सांगायचं तर मला माझीच गोष्ट आधी सांगावी लागेल.

माझे वडील मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर, २०११ साली, त्यांनी मागच्या जागेत एक लहानसं पॉलीहाऊस उभारलं. गॅल्व्हनाईज्ड पाइपांचा सांगाडा, त्यावर प्लॅस्टिकचा जाड कागद, आत हिरवी जाळी. त्यांना अँथुरियम आणि ऑर्किड लावायची होती. काही वर्षं त्यांनी लावलीही, फुलं म्हापशाच्या बाजारात गेलीही. पण मे महिन्यात आत भट्टी पेटल्यासारखं व्हायचं, पावसात बुरशी यायची, आणि आई दाराशी उभी राहून म्हणायची, "देवाने एवढं मोकळं आभाळ दिलंय, आणि तुम्ही झाडांना कोंडून घालता." वडील हसायचे. २०१९ मध्ये ते गेले. मग तो सांगाडा तसाच राहिला, फाटक्या प्लॅस्टिकसकट.

२०२२ च्या जुलैमध्ये एक मुलगा आला. चोवीस-पंचवीस वर्षांचा, परराज्यातला, हिंदी बोलणारा, सभ्य. मागची दोन खोल्यांची जागा आणि ते पॉलीहाऊस त्याला भाड्याने हवं होतं. म्हणाला, किनारपट्टीवरच्या हॉटेलांना लेट्यूस आणि बेसिल लागतं, ते पिकवीन. आमच्या गावात त्या दोन खोल्यांचे कोणी आठ हजार दिले असते तर देव पावला म्हटलं असतं. त्याने अठरा हजार सांगितले.

मी पोलीस ठाण्यात भाडेकरूचा फॉर्म भरून दिला, हे एक माझ्या हातून चांगलं झालं. त्यानंतर चौदा महिने मी त्या दाराच्या आत पाऊल टाकलं नाही, ही माझी चूक. दर महिन्याच्या एक तारखेला पैसे खात्यात जमा व्हायचे. विजेचा मीटर त्याचा वेगळा होता, बिल तो भरायचा. एकदा ते बिल माझ्या हाती पडलं तेव्हा आकडा बघून मी चरकलो होतो. लेट्यूसला एवढी वीज? पण मी ते त्याच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं आणि कार्यालयाची बस पकडली. रात्री जाळीतून जांभळा उजेड दिसायचा. वाड्यावरच्या पोरांना वाटायचं, आत नरकासुर बनतोय. कार्यालयात दुसऱ्याच्या अर्जातली एक सही राहिली तर मी तो अर्ज परत पाठवतो. स्वतःच्या परसात मात्र मी डोळ्यांवर कातडं ओढून बसलो होतो, आणि त्या कातड्याची किंमत महिना दहा हजार जादा एवढीच होती.

त्या संध्याकाळी मेव्हणा आणि मी जाऊन दार ठोठावलं. त्याने उघडलं. आमच्या चेहऱ्यांवरून त्याला कळलं असावं, कारण त्याने काहीच लपवलं नाही.

आत चौदा झाडं होती. मी घाबरलो होतो, तरी पहिला विचार मनात आला तो हा, की बाबांच्या वेळी हे कधी एवढं नीटनेटकं नव्हतं. सगळी झाडं एकाच उंचीची, कमरेएवढी, दोऱ्यांनी फांद्या वाकवून बांधलेली. वर दिवे, कोपऱ्यांत पंखे, भिंतीवर हवेतला दमटपणा दाखवणारं यंत्र. आणि वास. बाहेर पावसाच्या वासात तो मिसळून जात असेल, आत मात्र तो माणसाला ढकलून देत होता.

मी त्याला विचारलं, जे विचारायला नको होतं ते. "इतका खटाटोप कशाला? बाहेर तर ते फुकट वाढलंय."

तो हसला. आपल्या कामाबद्दल बोलताना माणसाचा चेहरा उजळतो तसा त्याचा उजळला, आणि तेच मला अजून आठवतं. म्हणाला, ते बाहेरचं झाड काही कामाचं नाही सर. बी चुकून बाहेर पडलं असेल, त्याचं ते आलं. ह्या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. मादीच्या फुलाला किंमत, पण नराचा पराग लागला की ती बी धरते आणि किंमत जाते. शिवाय हे झाड दिवसाची लांबी मोजतं. रात्र मोठी झाली की फुलायला लागतं. आपल्या गोव्यात सर्वांत मोठा दिवस साधारण तेरा तासांचा आणि सर्वांत लहान सव्वाअकराचा. फरक थोडाच, त्यामुळे थंड देशांतल्या जाती इथे वेळेआधीच फुलून खुरट्या राहतात. म्हणून रात्री दिवे लावून झाडाला फसवायचं, अजून दिवसच आहे म्हणून. आणि पाऊस! इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. उघड्यावरचं दाट फूल आतून कुजतं. छताखाली पंखे लावून ते वाचवता येतं, पण मग उन्हाळ्यात तेच छप्पर झाडांना शिजवतं आणि पंखे दुप्पट चालवावे लागतात. बाहेर सगळं फुकट, पण आपल्या हातात काही नाही. आत सगळं हातात, पण प्रत्येक गोष्टीला पैसे.

मी ऐकत होतो. बाबाही ऑर्किडबद्दल असंच बोलायचे.

मग तो म्हणाला, "सर, दहा दिवस द्या. दहा दिवसांत काढतो, मग एक पान दिसणार नाही. थायलंडमध्ये तर हे आता कायदेशीर आहे." (थायलंडने २०२२ च्या जूनमध्ये मोकळीक दिली होती हे खरं. २०२५ च्या जूनमध्ये त्यांनीच ती आखडती घेतली आणि डॉक्टरची चिठ्ठी लागेल असं ठरवलं, हे पुढचं.) त्याने आज रात्री उपटून टाकतो असं म्हटलं असतं, तर मी काय केलं असतं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्याने दहा दिवस मागितले. म्हणजे मला त्या धंद्यात दहा दिवसांचा भागीदार व्हायला सांगितलं.

ओट्यावर आल्यावर मेव्हण्याने मला कायदा सांगितला. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजाचं झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. जाणूनबुजून आपली जागा वापरू दिली तर कलम २५, शिक्षा तीच. कलम ४६ म्हणतं, आपल्या जमिनीत असं पीक दिसलं की जमीनधारकाने ताबडतोब कळवायचं. आणि कलम ४७ प्रत्येक सरकारी कर्मचाऱ्यावर, पंच-सरपंचावर तीच जबाबदारी टाकतं. "भावोजी, तुम्ही दोन्हीकडून सापडलात," तो म्हणाला. त्यात भर म्हणजे सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की तो आपोआप निलंबित. हा नियम मी स्वतः दुसऱ्यांच्या फाईलींवर लिहिलेला आहे.

गंमत अशी की ह्याच कायद्यात पान आणि बी, शेंडे सोबत नसतील तर, गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून तर उत्तरेकडच्या काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकानं आहेत. पण झाड लावणं मात्र परवानगीशिवाय गुन्हाच. पान निर्दोष, झाड गुन्हेगार!

मेव्हणा गेल्यावर मी कोयता घेऊन परसात गेलो. खोटं कशाला बोलू? आतल्या झाडांचं मी काय करणार होतो, पण पाटाजवळचं ते एक तरी कापून टाकावं असं मनात होतं. कारण त्याला पाणी घालणारी माझी आई होती. फोन वाजला. मेव्हणाच. जणू त्याला दिसत होतं. "त्याला हात लावू नका. तुम्ही ते कापलंत, की तो उद्या कोर्टात सांगेल की सगळं तुमचंच होतं आणि पुरावा तुम्हीच नष्ट केलात. आहे तसं राहू द्या, आहे तसं सांगा." मी कोयता परत खुंटीला लावला. त्या रात्री झोप आली नाही. मागे जांभळा उजेड होता आणि पंखे फिरत होते.

सकाळी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. दुपारपर्यंत ते आले. पंच, तराजू, पिशव्या, सील. चौदा झाडं मोजली गेली. मग उपनिरीक्षक परसात आले आणि त्या पंधराव्या झाडासमोर उभे राहिले.

"हें कोणाचें?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई पुढे आली. पदर खोचलेला, हातात धुवणाचं भांडं. "माझं. मीच पाणी घालते त्याला. चवथीला फुलेल म्हणून वाट बघत्येय."

परसात एकदम शांत झालं. माझे पाय लटपटले. आपोआप उगवलेलं झाड आणि मुद्दाम लावलेलं पीक ह्यांत फरक करता येतो, असं मेव्हणा रात्री म्हणाला होता. पण रोज पाणी घातलं असं कोणी स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर?

उपनिरीक्षकांनी तिच्याकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं, मग शेजारच्या कळ्यांनी भरलेल्या झेंडूच्या रांगेकडे बघितलं.

"कसलीं फुलां गे आजी हांकां?"

"रोजां. आनीक कितें?"

त्यांनी वहीत लिहिलं. मेव्हण्याने नंतर वाचलं ते असं, की सांडपाण्याच्या पाटाजवळ आपोआप उगवलेलं एक झाड, घरातल्या वृद्ध स्त्रीच्या समजुतीप्रमाणे झेंडू. जे खरं होतं तेच लिहिलं. त्यांच्या हुद्द्यावरचा दुसरा कोणी वेगळं लिहू शकला असता. मीही रोज असंच काहीतरी लिहितो. कागदावरच्या एका शब्दाने माणूस कुठल्या कुठे जातो हे मला त्या दिवशी समोरच्या बाजूला उभं राहून कळलं.

त्या मुलाला जीपमध्ये बसवलं. आईला तेव्हा सगळं समजलं. ती रडली नाही, ओरडली नाही. रात्री शीत वाढताना तिने एवढंच विचारलं, "पुता, ताका थंय जेवण कोण दिता?" चौदा महिने दर रविवारी त्याचं ताट आमच्याकडून जायचं. मी म्हटलं, सरकार देतं. ती म्हणाली, तू सरकारच ना?

त्या वर्षी माटोळी बांधली, पण झेंडू बाजारातून आणला. परसातली झेंडूची रांग पंचनाम्याच्या गर्दीत तुडवली गेली होती.

त्यानंतर काही महिने मी दुपारच्या सुट्टीत पणजीच्या म्युनिसिपल गार्डनमध्ये जाऊन बसायचो. ते उद्यान गार्सिया दे ऑर्ताच्या नावाचं आहे हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात असतं? हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि गोव्यातच राहिला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेवर, म्हणजे त्याच्या भाषेतल्या 'बांगे'वर, वेगळं प्रकरण आहे. गुजरातच्या सुलतान बहादूरने मार्तिम आफोंसो द सोझाला सांगितलेली एक गोष्ट तो तिथे देतो. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, इराण कुठेही जावंसं वाटलं की आपण थोडी भांग घेतो, बस्स. वैद्याने हे शांतपणे नोंदवलं, भलावण नाही, थयथयाट नाही. १५६८ साली तो वारला. तो मूळचा ज्यू, म्हणून १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. पानाफुलांची खरी माहिती लिहिणाऱ्याचं असं झालं.

ब्रिटिश मुलखात १८९३-९४ साली ह्या विषयावर एक मोठा आयोग बसला होता. तेव्हा आपल्या शेजारच्या मुंबई इलाख्यात, अहमदनगरकडे, सरकारी परवान्याने उघड्या शेतांत गांजा पिकायचा. नर झाडं ओळखून उपटायची, हे काम तेव्हाही होतं. आयोगाने बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा असं सुचवलं. आज उत्तराखंडात नशेचं द्रव्य ०.३ टक्क्यांहून कमी असलेल्या जातींना धाग्यासाठी परवाने मिळतात. आपल्याकडेही २०२० च्या डिसेंबरात औषधी लागवडीच्या प्रस्तावावरून गदारोळ झाला आणि प्रस्ताव तिथेच थांबला. कायदा उद्या बदलेलही. तो बदलावा की नाही ह्यावर माझं मत कोणी विचारलेलं नाही.

मला त्या दिवसांत जास्त उपयोग झाला तो शेजारच्या म्हाताऱ्या काकांच्या बोलण्याचा. ते म्हणाले, "आमच्या गोठ्याकडे एक झाड असायचं रे. गुराचं पोट फुगलं की पाला द्यायचे. देवळाकडे दोघे-तिघे चिलीम ओढायचे, त्यांची नावं सगळ्या गावाला ठाऊक. त्यांच्या हाती कोणी पैसे देत नसे आणि त्यांना कोणी उपाशीही ठेवत नसे." त्यांचं म्हणणं मी माझ्या परीने असं लावलं. परसातलं झाड सगळ्यांना दिसतं. शेजारीण बघते, पाववाला बघतो, गुरं बघतात. त्यामुळे त्याच्यावर गावाचा वचक राहतो, कायदा असो वा नसो. जाळीच्या आतलं झाड कोणालाच दिसत नाही. तिथे फक्त किलोचा भाव असतो. आणि त्या भावाने एक हुशार, झाडांवर जीव असलेला मुलगा आत कोंडून घेतला होता. चौदा महिने तो चतुर्थीला आला नाही, शिगम्याला आला नाही, विहिरीवर कोणाशी चार शब्द बोलला नाही. आणि घरमालकाने भाडं घेतलं, हालहवाल घेतली नाही.

अर्थात हे म्हणताना मी जुन्या काळाला फुलं वाहत नाही. त्या चिलीमवाल्यांपैकी एकाचं घर कसं बुडालं, तेही काकांनीच सांगितलं. गावाला दिसत होतं, आणि गाव बघतच राहिलं.

खटला २०२५ मध्ये संपला. तो मुलगा काही महिन्यांनी जामिनावर सुटलाच होता. शेवटी संशयाचा फायदा मिळून निर्दोष सुटला. मी साक्ष दिली. दोन वेळा त्याच्याकडे बघायचं टाळलं, तिसऱ्यांदा बघितलं. तो बारीक झाला होता.

निकालानंतर एका रविवारी तो आपलं सामान न्यायला आला. मी आतल्या खोलीतून बाहेर येईपर्यंत आईने त्याला ओट्यावर बसवून पानही वाढलं होतं. कडी, शीत, सुक्या बांगड्याची किसमूर. तो मुकाट्याने जेवला. मी समोर उभा. काय बोलावं ते सुचेना. हात धुताना तोच म्हणाला, "सर, पाइप अजून चांगले आहेत. प्लॅस्टिक काढून टाका, भाजी चांगली येईल." मी विचारलं, आता काय करतोस? म्हणाला, एका नर्सरीत आहे. उघड्यावरची. मग त्याने आईच्या पायांना हात लावला आणि गेला. माझ्याशी हात मिळवला नाही. त्याचं बरोबरच होतं.

कलमाप्रमाणे मी केलं ते योग्यच केलं, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती त्याआधीच्या चौदा महिन्यांबद्दल. त्यातल्या कुठल्याही एका रविवारी त्याचं ताट मी स्वतः घेऊन आत गेलो असतो, तर कदाचित चारच झाडं असती, आणि उपटून टाकायला कोणाला बोलवावं लागलं नसतं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी प्लॅस्टिक काढलं, जाळी काढली. बाबांचा सांगाडा आता माटव झाला आहे. त्यावर दोडकी चढली, तवशी लोंबली, आणि आईला म्हणे पंचवीस वर्षांत एवढी कारली मिळाली नव्हती. येणारा-जाणारा वाटेवरून बघतो आणि दोन मागून नेतो. पाटाजवळ ह्या वेळी तिने स्वतःच्या हाताने झेंडू लावला. रोपांची पानं मी तळहातावर घेऊन नीट बघितली, तेव्हा ती म्हणाली, "बघ बाबा, बघून घे. आधीच बघत जा."